तिसऱ्या बाईचे हात

गाडी लागली तेव्हा आईनं माझी पिशवी स्वतःच आत नेऊन खिडकीशी ठेवली आणि खाली उतरून स्टँडच्या खांबाला टेकून उभी राहिली. लोणारहून संभाजीनगर, तिथून मुंबई, मुंबईहून जर्मनी. बाबांनी आदल्या संध्याकाळी माझ्या चष्म्याचे दोन्ही स्क्रू बदलून दिले होते, तरी स्टँडवर त्यांनी तो पुन्हा मागून घेतला, काड्या दोनदा उघडून-मिटून पाहिल्या आणि शर्टाच्या टोकानं काचा पुसून परत दिला. दुसरं काही त्यांच्यानं होत नव्हतं. शीतल, माझी धाकटी बहीण, मोबाइलवर फोटो काढत सुटली होती. गाडी मागं सरकायला लागली तशी आई बोलली, शाळेच्या पहिल्या दिवसापासून बोलत आली तेच: "समोर पाह्य वो. मांगं पाह्यशीन त पाय अडखळतीन."

मी समोर पाहिलं. ड्रायव्हरच्या पाठीमागची जाळी, तिला अडकवलेला त्याचा डबा. इतकं हट्टानं समोर पाहिलं की मान अवघडली. तरी आई खांब सोडून दोन पावलं पुढं आली होती, हे मला आजही पक्कं माहीत आहे. मी तिकडं पाहिलं नव्हतं.

त्याला आता सहा वर्षं होतील. हे मी दोघांसाठी लिहितेय. जे घरी राहिले आणि फोनवर "सारं मस्त हाय" म्हणतात त्यांच्यासाठी, आणि जे माझ्यासारखे निघाले आणि तेच वाक्य उलट पाठवतात त्यांच्यासाठी.

बाबांचं स्टँडच्या रस्त्याला छोटं दुकान आहे, घड्याळदुरुस्ती आणि चष्मे. सरोवर पाहायला आलेल्या कुणाच्या चष्म्याची काडी मोडली की तो बाबांकडं येतो. मी शाळेतून आले की दुकानात बसायची आणि बाबा गिऱ्हाईकाला म्हणायचे, "हलू नका. समोर पाह्या." मी डोळ्यांच्या अभ्यासाकडं वळले याला तेवढंच कारण पुरेसं होतं. आता मी जिथं काम करते तिथंही लोकांना दिवसभर हेच सांगते, फक्त जर्मनमध्ये.

काम सांगायला सोपं आहे. अंधाऱ्या खोलीत माणूस हनुवटी एका स्टँडवर टेकवून बसतो आणि पडद्यावरच्या ठिपक्याकडं टक लावून पाहतो. त्याला वाटतं, डोळा थांबला. डोळा थांबत नाही. तो बारीक बारीक उड्या मारत राहतो, इतक्या बारीक की मारणाऱ्याला कळत नाहीत आणि समोरच्यालाही दिसत नाहीत. आमचा कॅमेरा त्या टिपतो. ठिपक्याच्या दोन बाजूंना दोन चित्रं आली आणि माणसाचं लक्ष चोरून एका बाजूला गेलं, तर नजर ठिपक्यावर असूनही त्या उड्या बरेचदा त्या बाजूला कलतात. म्हणजे कलतात असं आम्ही पुष्कळ माणसांच्या पुष्कळ उड्या एकत्र केल्यावर म्हणू शकतो. एका माणसाच्या चार उड्यांवरून काही बोलायचं नसतं. हे आमच्याकडं पहिल्या आठवड्यात शिकवतात.

बाबांना मी फोनवर हे सगळं समजावलं तेव्हा ते म्हणाले, "मंजे डोया चोरून पाह्यते म्हन ना." एवढ्या थोडक्यात ते मला माझ्या प्रबंधात मांडता आलेलं नाही.

आमच्या घराची एक रीत आहे, तुमच्याही असेल. बाहेर गेलेल्या लेकराला वाईट बातमी कळवायची नाही. मी पुण्यात शिकत असताना बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, ते मला महिन्यानं कळलं, तेही "झालं बी आन् सुट्टी बी झाली" अशा थाटात. दर रविवारी विहारात हात जोडून पंचशील म्हणायचं, खोटं बोलण्यापासून दूर राहीन असं त्यात म्हणायचं, आणि घरी येऊन फोनवर बिनदिक्कत थाप मारायची. फोनवरचं खोटं आमच्याकडं खोट्यात धरतच नाहीत. मीही काही कमी नव्हते. माझी इथली रूममेट मनीषा, अकोल्याची, नोकरी लागून दुसऱ्या शहरात गेली ते मी घरी सांगितलंच नाही. आई रोज विचारायची, "मनीषा जेवली का?" आणि मी रोज तिला जेवू घालायचे.

मागच्या जुलैतली गोष्ट. माझा प्रबंध देऊन झाला होता आणि तोंडी परीक्षा महिन्यावर आली होती. दरम्यान माझ्या गाईडबाई, उटे, यांनी पुढच्या कामाची तयारी करायला सांगितलं होतं. घर सोडून आलेल्या माणसांचं लक्ष घराच्या चित्रांकडं कलतं का, असा तो विषय. आमच्याकडं कुठलीही नवी चाचणी आधी स्वतःवर करून पाहतात, यंत्र नीट चालतंय का तेवढं बघायला. मी शीतलनं पाठवलेले वीसेक फोटो घेतले, इथल्या रस्त्यांचे, दुकानांचे वीस घेतले आणि हनुवटी टेकवून बसले.

मला वाटलं होतं, घरचे फोटो आले की माझे डोळे धावत सुटतील. कुठचं काय! बाबांचं दुकान, आमचं अंगण, चुलतबहिणीच्या हळदीतला सगळा गोतावळा, कशालाही माझ्या डोळ्यांनी भाव दिला नाही. उड्या इकडंही होत्या, तिकडंही होत्या. मला चक्क राग आला. इतकी वर्षं रडत काढली ती काय उगाच, असं वाटलं. फक्त एका फोटोपाशी उड्या एकाच बाजूला पडत होत्या. फोटो डावीकडं आला की डावीकडं, उजवीकडं आला की उजवीकडं.

तो बुद्धपौर्णिमेचा फोटो होता. विहारासमोर पांढऱ्या साड्यांमध्ये सात-आठ बाया ओळीनं उभ्या, वंदनेला हात जोडलेले, मागं निळी पताका. आई तिसरी. मे महिन्यात तो आला तेव्हा मी त्यावर लाल बदाम टाकला होता आणि कामाला लागले होते.

उटेनं आलेख पाहिला आणि मान हलवली. पांढरा रंग फार आहे, चकाकतो, म्हणून डोळा ओढला जातो, म्हणाली. हा फोटो काढून टाक, तुझा संच बिघडवतोय. ती बरोबर होती. मी फाइल काढायला बसले, आणि हात थांबला. आधी चकाकी कमी करून पाहू, मग काढू, असं मी स्वतःला सांगितलं. फोटो काळा-पांढरा केला, उजेड बाकीच्यांइतका केला आणि पुन्हा हनुवटी टेकवली.

कल गेला नाही.

मग मी फोटोचे तुकडे झाकायला लागले. हेही आमच्या कामातलंच. चित्रातलं नेमकं काय ओढतंय ते शोधायचं तर एकेका भागावर करडा चौकोन ठेवतात. पताका झाकली. कल तसाच. विहाराचं दार झाकलं. तसाच. उजवीकडच्या चार बाया झाकल्या, तरी तसाच. प्रत्येक फेरीला मी ठिपक्याकडं पाहत होते, फक्त ठिपक्याकडं. आईचा चेहरा झाकला. मला वाटलं, आता जाईल. नाही गेला. शेवटी आईचे जोडलेले हात झाकले, आणि उड्या विस्कटल्या, इतर कुठल्याही फोटोसारख्या.

मी चौकोन काढून ते हात मोठे करून पाहिले. बाकी सगळ्यांचे तळवे एकमेकांना टेकून सरळ उभे होते. आईचा उजवा तळवा उभा नव्हता. डाव्या हाताच्या बोटांनी तो मनगटाजवळ धरून वर उचलला होता. उजवी बोटं खाली वाकलेली होती, पाणी न मिळालेल्या पानासारखी.

शास्त्र म्हणून हे सगळं कुचकामी आहे, मला ठाऊक आहे. एकच माणूस, तोही स्वतः चाचणी लिहिणारा, आणि दुसऱ्या फेरीपासून मनात शंका घेऊन बसलेला. उटेला दाखवलं असतं तर तिनं मला घरी पाठवलं असतं झोपायला. पण मी तेव्हा शास्त्रज्ञ नव्हते. मला आठवायला लागलं की दोन महिने आई व्हिडिओ कॉलवर नुसतं कपाळ आणि नाक दाखवतेय. फोन शीतल लावते, शीतलच धरते. आधी आई कढईतली भाजी दाखवायची, पापड-धापोडे वाळत घातलेले दाखवायची. आता "कामात हाय" म्हणून दोन मिनिटांत उठते. आणि मला, परीक्षा जवळ आलेली म्हणून, ते छोटे फोन सोयीचेच पडत होते. हे लिहिताना लाज वाटतेय, पण ते तसंच होतं.

शीतलनं फोन उचलला नाही. मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. इथं दुपार होती, तिकडं संध्याकाळ व्हायची होती, बाबा दुकानात होते.

"बाबा, आई कुठी हाय?"

"विहारात गेली."

"तिचा हात बरा हाय का?"

"कोन्ता हात? सारं मस्त हाय."

बाबा कॅमेऱ्यात पाहत होते. कधीच पाहत नाहीत. कुणीच पाहत नाही. फोनवर आपण समोरच्याच्या चेहऱ्याकडं पाहतो, म्हणून सगळ्यांची नजर जरा खाली दिसते. बाबा मात्र नेमके त्या बारक्या भिंगात पाहत होते, पापणी न हलवता. मी ज्यांना ठिपक्याकडं बघायला सांगते ते असेच बघतात.

"बाबा, तुमी गिऱ्हाइकावानी समोर पाहून राह्यले," मी म्हणाले. "काऊन?"

त्यांनी चष्मा काढला. पुसायला शर्टाचं टोक धरलं आणि पुसलाच नाही.

"तिनं शपथ घातली होती मले," ते म्हणाले. "पौर्णिमेच्या आठ दिस आंधी. भाकर थापता थापता हात परातीतच पडला. बोटंच मिटत नव्हते."

"डाक्टर?"

"मेहकरले दाखवलं. तो म्हने संभाजीनगरले न्या, डोक्याचा फोटो काढा लागन."

"मंग?"

"तुही परीक्षा होऊ दे म्हने. सांगतलं त धावत येईन पोरगी, सारं अर्धंच राहीन म्हने."

माझा आवाज किती चढला ते लॅबमधल्या दुसऱ्या खोलीतल्यांनी मला नंतर सांगितलं. दोन महिने! ज्या घरात मी डोळ्यांवरून मेंदूचं काही कळतं का याचा अभ्यास करते म्हणून पेढे वाटले होते, त्या घरात मेंदूचा फोटो माझ्या परीक्षेसाठी लांबणीवर टाकला होता. मी बाबांना म्हणाले, दुकान बंद करा आणि घरी चला, फोन बंद करायचा नाही. त्यांनी तो खिशात घातला. मला खिशाची शिवण दिसत होती, मधेच आभाळ, विजेच्या तारा, एसटीचा हॉर्न ऐकू येत होता आणि बाबांचा श्वास. घर पाच मिनिटांवर आहे.

आई विहारात नव्हतीच. शीतल परातीत भाकरी थापत होती आणि आई शेजारी पाटावर बसली होती. उजवा हात मांडीवर, पदराखाली.

"काऊन वो? काऊन कल्ला करून राह्यली?" ती म्हणाली. "हात हाय जाग्यावर. तुटला थोडीच."

"वर कर."

"काय?"

"हात वर कर, आई."

तिनं शीतलकडं पाहिलं, मग बाबांकडं. पदराखाली थोडी हालचाल झाली. हात वर आला नाही. उचलायला डावा हात पुढं आला, आणि मग तिनं तोही खाली ठेवला.

"तू उद्या संभाजीनगरले जाशीन का नाही?"

"तुहं होऊ दे आंधी. दोन महिने गेले तसा तिसरा जाईन."

मी लॅपटॉप पुढं ओढला आणि उटेला इंग्रजीत पत्र लिहायला घेतलं: घरी अडचण आहे, माझी परीक्षा पुढं ढकला, कधीपर्यंत ते सांगता येत नाही. लिहून झालं तसा फोन पडद्याकडं वळवला आणि शीतलला म्हणाले, वाच, मोठ्यानं, आणि मराठीत सांग. शीतलनं पिठाचे हात तसेच ठेवून वाचलं.

"पाठवू नोको," आई म्हणाली.

"मंग तू जाते म्हन."

"मले धमकी देऊन राह्यली?"

"हाव."

तव्यावरची भाकरी करपली, तिचा धूर मला पडद्यावर दिसत होता आणि उठून ती उलटावी असं कुणाला सुचत नव्हतं. मग आई म्हणाली, "जाऊ सकाई. पन तू ते मिटव आंधी." मी पत्र मिटवलं नाही, नुसतं बाजूला ठेवलं. हे तिला अजून माहीत नाही, आता कळेल.

दुसऱ्या दिवशी ते दहाच्या गाडीनं निघाले, त्याच स्टँडवरून. शीतल मला गावांची नावं पाठवत होती. बिबी. सिंदखेडराजा. मग जालना येईपर्यंत काहीच नाही. मी लॅबमध्ये एका विद्यार्थ्याला ठिपक्याकडं बघायला सांगितलं होतं आणि स्वतः फोनकडं बघत होते. तो शहाण्यासारखा हललाही नाही. त्याची अख्खी फेरी मी यंत्र सुरू न करताच घेतली. जालना सुटल्याचा निरोप आला तेव्हा मी त्याची माफी मागितली आणि त्याला जायला सांगितलं.

मेंदूला झटका येऊन गेला होता. मानेतली रक्तवाहिनी अरुंद झाली होती, आणि तिथल्या डॉक्टरांनी बाबांना स्पष्ट सांगितलं की दुसरा झटका कधीही आला असता, आणि तो हातावर भागला नसता. आईला ठेवून घेतलं. त्या आठवड्यात मी काय खाल्लं, काय बोलले, काही आठवत नाही. परीक्षा मी ठरल्या तारखेला दिली, कारण आईनं वॉर्डातून फोन करून तेवढंच विचारलं, परीक्षा देशीन ना? एका परीक्षकानं मला विचारलं, एकाच माणसाच्या नोंदींवरून आपण काय म्हणू शकतो? मी उत्तर दिलं, काहीच नाही. त्यानं समाधानानं मान हलवली. बरोबर उत्तर होतं ते.

नंतर दीड महिना मी घरी होते. डॉक्टरांनी बोटांचे व्यायाम दिले होते. बाबांनी दुकानातून जुन्या फ्रेमांचा डबा आणला आणि आई रोज दुपारी उजव्या हातानं चष्म्याच्या काड्या उघडायची-मिटायची. पहिल्या आठवड्यात एकही उघडली नाही. ती चिडायची, डबा ढकलायची, मला म्हणायची की तुह्यानं झालं हे सारं, मी मजेत होती. मग थोड्या वेळानं डबा स्वतःच पुढं ओढायची. आम्ही भांडलोही पुष्कळ. मी म्हणायचे, लपवलंस का, ती म्हणायची, सांगून तू काय केलं असतं तिकून. दोघींपैकी कुणाचंच चुकलं असं मला तेव्हा वाटत नव्हतं, आणि रागही जात नव्हता. निघायच्या आदल्या दिवशी तिनं एक फ्रेम उघडली, वाकड्या बोटांनी, आणि स्वतःच्या नाकावर चढवली. काचा नव्हत्याच तिला. बाबा इतके हसले की शेजारचे डोकावले.

स्टँडवर या खेपेला ती मला समोर पाह्य म्हणाली नाही. मीही पाहिलं नाही. गाडी वळणाआड जाईपर्यंत मान वळवून तिच्याकडंच पाहत राहिले, आणि माझा पाय कुठंही अडखळला नाही.

आता फोनचा नियम ठरला आहे, तो शीतलनं काढला. आधी हात, मग तोंड. फोन लागला की पडद्यावर पहिल्यांदा आईचा उजवा तळवा येतो. ती मूठ मिटते, उघडते. करंगळी अजून मागं राहते. ती मागं राहते हेही दाखवायचं, असं ठरलेलं आहे. मग चेहरा.

मागच्या रविवारी हात दाखवून झाल्यावर आई म्हणाली, "आता तुहं दाखव."

"माह्यं काय?"

"फोन फिरव. खोली दाखव. मनीषाले बोलाव, मी बोलते तिच्यासंगं."

मी नेहमी भिंतीकडं पाठ करून बसते, म्हणजे मागं फक्त मांडणी दिसते. ते मुद्दाम निवडलेलं होतं. मी क्षणभर त्या भिंगात सरळ पाहिलं, बाबांनी पाहिलं होतं तसं, आणि ते माझं मलाच कळलं. मग फोन फिरवला. एक खुर्ची. दुसऱ्या पलंगावर रिकामी खोकी. टेबलावर माझं ताट.

"मनीषा नाही आई. तिले जाऊन वर्ष झालं."

"मले माहीत हाय," आई म्हणाली. "तुह्या मांगं मांडनीवर आंधी दोन कप दिसे. मंग एकच दिसाले लागला."

वर्षभर ती माझ्या तोंडाकडं पाहून मनीषा जेवली का विचारत होती आणि तो कप बघत होती.

घर म्हणजे काय, हे विचारणारे इथं पुष्कळ भेटतात. मी पूर्वी लोणार सांगायचे, मग काही वर्षं नुसतं हसायचे. आता माझ्यापाशी सांगण्यासारखं एवढंच आहे: जिथं माझ्या मागच्या मांडणीवरचे कप मोजले जातात, ते माझं घर. तिथं मला काही लपवता येत नाही, आणि त्यांनाही मी आता लपवू देत नाही.

"जेवली का?" आईनं विचारलं.

"नाही अजून."

"मंग बस. मी बी बसते."

मी फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला. तिनंही तिकडं कशाला तरी टेकवला. इथं दुपार होती आणि तिकडं दिवेलागण. ती उजव्या हातानं जेवत होती. घास तोंडापर्यंत जाता जाता भाताची शितं ताटात आणि पदरावर पडत होती, आणि ती तिनं झाकली नाहीत.